नकाशाची पाठ आधी बघा

जुना रंगीत नकाशा हातात आला की आपली नजर आधी समुद्रातल्या गलबतांवर जाते, मग देवमाशांवर, आणि मग आपण आपलं गाव शोधायला लागतो. त्यात गैर काही नाही. नकाशा काढणाऱ्यांनाही तेच हवं होतं. पण विकत घ्यायला बसला असाल तर हे सगळं नंतर. आधी नकाशा उलटा करा आणि त्याची पाठ बघा.

हे मी पैसे घालवून शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने माझ्यासमोर ॲमस्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्याने काढलेल्या मुघल साम्राज्याच्या नकाशाच्या दोन प्रती ठेवल्या. सतराव्या शतकातला नकाशा, दोन्ही प्रती एकाच तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या. एकीतला हिरवा पोपटी, ताजा, डोळ्यांत भरणारा. दुसरीतला काळपट, काही ठिकाणी तर मातकट. मी पहिली घेतली. दोन वर्षांनी एका जाणत्या संग्राहकाने ती उलटी केली, खिडकीपाशी नेली आणि विचारलं, "हिरवा मागे कुठे उतरलाय?" मागचा कागद स्वच्छ होता. नकाशा अस्सल, कागद अस्सल, छपाई अस्सल. रंग मात्र अलीकडे कोणीतरी भरलेले. दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर सरहद्दींच्या रेषेरेषेने तपकिरी डाग उमटले होते, हे मला तेव्हा आठवलं. ती मी खराबी समजलो होतो. ती त्या रंगाच्या वयाची खूण होती.

कारण सोपं आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. आंबट पदार्थ तांब्याला लागला की हिरवट विषारी क्षार तयार होतो. युरोपातले रंगारी हाच हिरवा मुद्दाम तयार करत. तांब्याचे पत्रे सिरक्याच्या वाफेत ठेवायचे आणि वर धरलेला हिरवा थर खरवडून घ्यायचा. हेच आपलं जंगाल. ते डिंकाच्या पाण्यात कालवून जंगलं, डोंगर, प्रांतांच्या कडा रंगवत. जंगाल शांत बसत नाही. शे-दोनशे वर्षांत ते कागदात मुरतं, पाठीमागे तपकिरी होऊन उतरतं, आणि फार जाड लावलेलं असेल तर कागद त्या रेषेवर ठिसूळ होऊन तडकतो. त्यामुळे पाठीवरचे हे डाग बघून नाक मुरडू नका; तडा गेलाय का तेवढं मात्र तपासा.

अर्थात ही एकच कसोटी पुरेशी नाही. सगळे हिरवे जंगालाचे नसत, झाडांच्या फळांपासून केलेले हिरवेही वापरात होते आणि ते मागे उतरत नाहीत. म्हणून दुसरी खूण बघायची ती मधल्या घडीची. बहुतेक नकाशे मोठ्या ग्रंथांत मधोमध दुमडून बांधलेले असत. शतकानुशतकं उघडझाप होऊन घडीवर कागदाचे तंतू उसवतात. रंग जुना असेल तर घडीवर तोही झिजलेला दिसतो. रंग नवा असेल तर तो त्या उसवलेल्या तंतूंत, भेगेत, एखाद्या फाटक्या कडेत ओघळून शिरलेला दिसतो, आणि भिंगाखाली तिथे गडद रेघ उमटते. तांबूस ठिपक्यांचंही तसंच. डाग रंगाच्या वर आला असेल तर रंग आधीचा. डागावरून ब्रश फिरलेला दिसला तर रंग नंतरचा.

लाल रंगांतही पुष्कळ काही कळतं. शहरांवरचे ठिपके आणि सरहद्दी यांना शेंदूर लावत. तो उजेडा-हवेने करडा-काळा पडतो. किरमिजी रंग कोचिनील किड्यापासून येई, तो कोवळा, पारदर्शक, खालच्या काळ्या रेषा स्पष्ट दिसू देणारा. जुने रंग सहसा असेच पारदर्शक असतात. नव्या रंगाऱ्याचा हात नको तिथे भरभरून चालतो आणि खालची कोरीव रेघ बुजते. पाच-पंचवीस अस्सल नमुने डोळ्यांखालून गेले की हा फरक पुढे न सांगता कळतो.

हे रंग भरणारे लोक कोण होते, हे संग्राहकाने जाणून घ्यायलाच हवं. नेदरलँड्सच्या भाषेत त्यांना अफ्सेटर म्हणत, आणि तो स्वतंत्र धंदा होता. अब्राहम ऑर्टेलियसचं नाव आज पहिल्या आधुनिक नकाशासंग्रहाचा कर्ता म्हणून घेतलं जातं; पण १५४७मध्ये अँटवर्पच्या सेंट ल्यूक या कलाकारांच्या संघात त्याची नोंद झाली ती नकाशे रंगवणारा म्हणून. त्याच्या बहिणीही हेच काम करत. पुढच्या शतकात ॲमस्टरडॅममध्ये डर्क यान्स व्हान सान्टेन नावाचा रंगारी झाला, त्याने सोन्याचा वापर करून रंगवलेले ब्लाऊचे ग्रंथ आजही युरोपातल्या ग्रंथालयांत जपून ठेवलेले आहेत. अशी नावं मोजकीच. बाकीचे असंख्य हात, त्यांत घरी बसून काम करणाऱ्या बाया-मुलंही, निनावी राहिले. एकाच पत्र्यावरच्या दोन प्रती कधीच सारख्या रंगाच्या नसतात, त्याचं कारण हेच.

आणि इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. बिनरंगी नकाशा म्हणजे अपुरा नकाशा नव्हे. ब्लाऊच्या दुकानात गिऱ्हाइकाला रंगीत आणि साधी अशा दोन्ही प्रती मिळत. रंगीत महाग पडे. पुष्कळ अभ्यासू गिऱ्हाइकं मुद्दाम साधी प्रत घेत, कारण कोरीव रेघ तिथे स्वच्छ दिसते. आज भिंतीवर रंगीत नकाशा खपतो म्हणून अशा शेकडो साध्या प्रती रंगवून विकल्या जातात. काही जण हे काम कौशल्याने करतात आणि तसं सांगूनही विकतात. त्यात फसवणूक नाही. पण तीनशे वर्षं जसा होता तसा राहिलेला काळा-पांढरा नकाशा आणि कालपरवा रंगवलेला नकाशा यांत निवड करायची वेळ आली तर काळा-पांढरा घ्या. रंग भरता येतो, काढता येत नाही.

न्यूरेंबर्गच्या योहान बाप्टिस्ट होमानची गोष्ट तर उलटी आहे. १७०२मध्ये त्याने पेढी काढली. त्याच्या नकाशांवर प्रदेश भरगच्च रंगवलेले असतात, पण शीर्षकाभोवतीची नक्षीदार चौकट, म्हणजे कार्टूश, साधीच ठेवलेली असते. ती त्या पेढीची रीतच होती. म्हणून होमानच्या नकाशात कार्टूशमधल्या देवदेवता, हत्ती, फळांच्या परड्या सगळ्या रंगवलेल्या दिसल्या तर थांबा आणि विचारा. आउग्सबुर्गच्या झॉयटरच्या नकाशांबद्दलही हेच लक्षात ठेवावं.

आता छपाई. 'एनग्रेव्ह्ड' नकाशा म्हणजे काय, हे डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखता आलं पाहिजे. कारागीर तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी सळईने रेषा कोरायचा, तीही उलटी, म्हणजे कागदावर सुलटी येईल. मग पत्र्यावर शाई चोळायची, पृष्ठभाग पुसून घ्यायचा, शाई फक्त खाचांत राहते. वर ओलसर कागद ठेवून तो रुळांच्या दाबाखालून काढायचा. त्या दाबाने दोन खुणा कायमच्या राहतात. एक, पत्र्याच्या कडेचा चौकोनी ठसा कागदावर बसतो. कडेवरून बोट फिरवलं की पायरी लागते. दुसरी, शाई कागदावर किंचित उठून राहते. नकाशा तिरप्या उजेडात धरला तर रेषा उंच दिसतात. समास कापून टाकलेले असतील तर पहिली खूण नाहीशी होते, म्हणून समास कापलेल्या प्रतीची किंमत कमी.

त्याआधीचे पुष्कळ नकाशे लाकडावर कोरलेले असत, उदाहरणार्थ सेबास्टियन म्युन्स्टरच्या १५४४च्या 'कॉस्मोग्राफिया'तले. तिथे उलट असतं. लाकूड खोदून रेघ वर ठेवलेली, त्यामुळे रेघ जाड आणि शाई कागदात दबलेली. दोन्ही प्रकार जुने, दोन्ही अस्सल, फक्त तपासण्याची रीत वेगळी. १७९६नंतर दगडावरची छपाई, म्हणजे लिथोग्राफी आली. तिच्यात पत्र्याचा ठसाही नाही आणि उठलेली शाईही नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. सराफ वापरतात तेच चालतं. रंगाच्या पट्ट्यावर ते धरलं आणि निळे-लाल-पिवळे बारीक ठिपके दिसले, तर समोर विसाव्या शतकातली ऑफसेट नक्कल आहे, मग कागद चहाच्या पाण्याने कितीही पिवळा केलेला असो. हाताने लावलेल्या रंगात ठिपके नसतात, ब्रशचा ओघळ असतो.

कागद उजेडासमोर धरा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या हातकागदात जवळजवळ असलेल्या बारीक रेघा आणि त्यांना आडव्या, साधारण बोटभर अंतरावरच्या ठळक रेघा दिसतात. त्या साच्यातल्या तारांच्या. बहुधा जलचिन्हही दिसतं. त्यानंतर गुळगुळीत कागद आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा, जो पिवळा पडून तुकडे होतो. सोळाव्या-सतराव्या शतकातला कागद चिंध्यांपासून केलेला, म्हणून चारशे वर्षांनंतरही हातात घेतला की कापडासारखा वाटतो. त्याच्या शेजारी शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र ठेवून बघा, बिस्किटासारखं मोडतं.

पत्रे महाग असत, त्यामुळे ते एका हातातून दुसऱ्या हातात जात. नकाशाकार मर्केटरच्या पत्र्यांची खरेदी योडोकस होंडियस या दुसऱ्या नकाशाकाराने १६०४मध्ये केली आणि दोन वर्षांनी त्यांत भर घालून नवा ग्रंथ काढला. पुढे १६२९मध्ये होंडियसचा मुलगा वारला, तेव्हा विलेम ब्लाऊने त्याचे सुमारे चाळीस पत्रे विकत घेतले, त्यांवरचं होंडियसचं नाव घासून काढलं आणि आपलं कोरलं. म्हणजे नकाशावर ब्लाऊचं नाव असलं तरी रेघ होंडियसच्या कारागिराची असू शकते. पत्र्यात केलेला असा प्रत्येक बदल ही त्या नकाशाची एक 'स्टेट', आणि कोणती स्टेट आधीची, कोणती नंतरची, यावर किंमत ठरते. शिवाय शेकडो प्रती काढल्या की पत्रा झिजतो. शेवटच्या प्रतींत डोंगरांची छाया फिकट, अक्षरं पुसट. सुरुवातीची करकरीत प्रत आणि झिजलेली प्रत शेजारी ठेवून बघण्याची संधी मिळाली तर सोडू नका.

आता आपल्या मुलखाकडे वळू. काय जमवायचं, असं मला नवे संग्राहक विचारतात तेव्हा मी सांगतो: एक किनारा, एक शहर किंवा एक नकाशाकार निवडा. जग जमवायला निघालेला माणूस दहा वर्षांत थकतो. कोकण-गोव्याचा किनारा हा तर असा विषय आहे की त्यात साडेतीन शतकांच्या सगळ्या मोठ्या नकाशाकारांची भेट होते.

सुरुवात गोव्यापासून. कोलोनमध्ये १५७२ साली ब्राऊन आणि होगेनबर्ग यांनी जगातल्या शहरांच्या चित्रांचा ग्रंथ काढायला घेतला, १६१७पर्यंत त्याचे सहा खंड झाले. पहिल्याच खंडात एका पानावर चार शहरं आहेत: मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची दोन, आणि दीव व गोवा. पोर्तुगीजांच्या बंदरांची ती एका कागदावरची मांडणी. हे पान बाजारात अधूनमधून येतं आणि प्रयत्नाने मिळू शकतं. त्याहून मोलाचा नकाशा यान हाउखेन व्हान लिन्सखोटेनचा. हा डच तरुण १५८३पासून पाच वर्षं गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस होता. परत गेल्यावर १५९६मध्ये त्याचं प्रवासवर्णन ॲमस्टरडॅमला छापलं गेलं, आणि त्यातला गोवा शहराचा मोठा, दुमडलेला नकाशा त्याने केलेल्या रेखाटनांवरून व्हान डूटेकमने कोरला. रस्ते, चर्च, बाजार, मांडवीतली गलबतं, सगळं त्यात आहे. शहर ज्याने पायांखाली घातलं होतं त्याचा हा नकाशा आहे. तो विकत घेणं फार थोड्यांना परवडेल. पण त्याच्या डिजिटल प्रती मोठ्या ग्रंथालयांनी खुल्या ठेवल्या आहेत, त्या मोठ्या करून एक संध्याकाळ बघाव्यात.

ऑर्टेलियसचा ग्रंथ 'थेआट्रम' २० मे १५७० रोजी अँटवर्पला निघाला, त्यात ५३ पानांवर नकाशे होते. त्यातल्या पूर्वेच्या नकाशात भारत आखडलेला, आग्नेय आशिया ऐसपैस, आणि समुद्रात आरसा घेतलेल्या जलपऱ्या व गलबताला भिडलेले देवमासे. मला ऑर्टेलियसबद्दल विशेष आदर वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. ज्यांचे नकाशे आपण वापरले त्या ८७ जणांची यादी त्याने ग्रंथातच छापली. त्या काळात असं श्रेय देणं रूढ नव्हतं. संग्राहकाच्या दृष्टीने त्याच्या नकाशांची आणखी एक सोय आहे: पाठीवर मजकूर छापलेला असतो. लॅटिन, डच, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पुढे इंग्रजी आणि इटालियनही. मजकुराची भाषा आणि पानाचा क्रमांक यांवरून ती प्रत कोणत्या वर्षीच्या आवृत्तीतली हे जवळजवळ नक्की सांगता येतं. पाठ आधी बघा म्हणतो ते यासाठीही.

इंग्रजांचा पहिला महत्त्वाचा नकाशा १६१९चा. जहांगीराच्या दरबारातून परत निघालेल्या सर टॉमस रो याने माहिती दिली, ज्याच्या नावाने पुढे उत्तरेतला बॅफिन उपसागर ओळखला गेला त्या दर्यावर्दी विल्यम बॅफिनने नकाशा काढला आणि रेनॉल्ड एल्स्ट्रॅकने तो कोरला. आग्रा ते लाहोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लावलेली झाडं त्यात ओळीने दाखवली आहेत. मूळ नकाशा अतिदुर्मीळ आहे, पण होंडियस, ब्लाऊ यांनी तो पुढे ठेवूनच आपले मुघल साम्राज्याचे नकाशे केले, आणि ते मिळतात.

फ्रेंचांनी अठराव्या शतकात नकाशाला शिस्त लावली. गिओम दलीलचा मलबार-कोरोमंडल किनाऱ्यांचा नकाशा १७२३चा, दानव्हिलचा भारताचा नकाशा १७५२चा. दानव्हिलने जिथे खात्रीची माहिती नाही तिथे कागद कोरा ठेवला. हत्ती-सिंह घालून जागा भरली नाही. शोभेच्या दृष्टीने त्याचे नकाशे मागे पडतात, म्हणून त्यांची किंमतही आवाक्यात असते. माझ्या मते हे खरेदीदाराचं भाग्य आहे. या जुन्या नकाशांवर विजापूर 'विसापूर' होतं, विजयदुर्ग 'घेरिया' होतं, वसई 'बासाईं' होते. अशा नावांची स्वतःची एक वही करा. विक्रेत्याच्या यादीत इतरांना न सापडलेला नकाशा तुम्हाला सापडेल तो त्या वहीमुळे.

नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी? झाक-निकोला बेलँपासून. फ्रेंच आरमाराचा हा नकाशाकार. १७६४मध्ये त्याने पाच खंडांचा छोटेखानी सागरी नकाशासंग्रह काढला. त्यात मुंबई आहे, गोवाही आहे. कागद साधारण वहीच्या पानाएवढा, कोरीव काम नेटकं, आणि वरच्या कोपऱ्यात खंड व क्रमांक कोरलेला, त्यामुळे कुठून आला हे ओळखायला सोपा. मुंबईच्या बेटांमधलं पाणी अजून बुजलेलं नाही अशी मुंबई तुमच्या हातात येते.

आणि रेनेल. जेम्स रेनेल १७६७मध्ये बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला, आणि लंडनला परतल्यावर १७८२मध्ये त्याने 'हिंदुस्थान'चा मोठा नकाशा काढला. हे साल्बाईच्या तहाचं वर्ष. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध नुकतंच थांबलं होतं, आणि नकाशात मराठ्यांचा मुलूख, निजामाचा, म्हैसूरचा, कंपनीचा असे निरनिराळ्या रंगांच्या कडांनी दाखवले आहेत. इथे रंग शोभेसाठी नाही, तो राजकीय माहिती सांगतो. म्हणून रेनेलच्या नकाशात मूळ रंग असणं फार महत्त्वाचं. नंतर कोणी अंदाजाने भरलेला रंग सरहद्दच चुकवतो. कार्टूशमध्ये पंडित आपले धर्मग्रंथ ब्रिटानियाच्या हाती देताना दाखवले आहेत. ते चित्र मराठी माणसाने नीट, सावकाश बघावं. मराठी दरबारांचे स्वतःचे नकाशे होते, पण ते हाताने काढलेले, छापले गेले नाहीत. त्यामुळे छापील जगात आपला मुलूख दुसऱ्यांच्याच रेघेने उमटला. रेनेलचे मोठे नकाशे बरेचदा तुकडे कापून कापडावर चिकटवलेले, घडी करून पेटीत ठेवलेले मिळतात. ती मूळचीच पद्धत आहे, दुरुस्ती नव्हे.

एकोणिसाव्या शतकात पोलादाच्या पत्र्यांमुळे प्रती भरपूर निघू लागल्या. १८५१च्या सुमाराचे जॉन टॅलिसचे नकाशे, कडेने चित्रं असलेले आणि फक्त सरहद्दींना रंग दिलेले, आजही मध्यमवर्गीय माणसाला परवडतात. मात्र टॅलिसच्या नकाशांच्या नकलाही भरपूर झाल्या आहेत. भिंग विसरू नका.

खरेदी करताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नकाशा कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या आवृत्तीतला, रंग मूळचे की नंतरचे, आणि काय काय दुरुस्ती झाली आहे. 'जुना रंग' हा शब्द मोघम आहे. शंभर वर्षांपूर्वीचाही जुनाच. 'मूळ रंग' लिहून द्यायला जो तयार नाही त्याला मूळ रंगाची किंमत देऊ नका. घेण्याआधी डेव्हिड रम्झी संग्रह, अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय यांच्या संकेतस्थळांवर तोच नकाशा उघडा आणि माप सेंटिमीटरने जुळवा. माप जुळलं नाही तर नक्कल किंवा कापलेली प्रत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथ संजीवनी' या डिजिटल संग्रहातही जुने नकाशे आहेत. वाचायला सुझन गोल यांची भारताच्या छापील नकाशांवरची पुस्तकं मिळवा. त्यांच्याशिवाय या विषयात पाऊल टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नकाशा कुठून आला हेही विचारायचं. २००५मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमिनीवर पडलेलं पातं कर्मचाऱ्यांच्या नजरेस आलं आणि फोर्ब्स स्मायली हा नावाजलेला विक्रेता पकडला गेला. निरनिराळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचं त्याने कबूल केलं. २००६मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ते नकाशे सभ्य संग्राहकांच्या घरांत पोचले होते. म्हणून कोपऱ्यात खरवडलेला कागद, पुसलेल्या शिक्क्याची सावली, एका बाजूला पात्याने कापलेली सरळ कड दिसली तर तो व्यवहार सोडून द्या. आणि धडधाकट ग्रंथ फोडून एकेक पान विकणाऱ्याला पैसे देऊ नका. जे सुटे झाले ते झाले, पण तीनशे वर्षं एकत्र राहिलेला ग्रंथ आपल्या भिंतीसाठी मोडू नये.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. १९७२च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. मुंबईत घेतलेला नकाशा सामानात टाकून न्यायचा विचार मनातही आणू नका. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला आधी विचारा. बाहेरून इकडे मागवताना सीमाशुल्क किती लागेल तेही आधीच ठरवून घ्या.

घरी आल्यावर नकाशाचा खरा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांवर टिकला की बुरशी धरते, आणि कोकण-मुंबईत तो महिनोन्महिने टिकतो. पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नकाशा टांगू नका. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये आम्लरहित जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. पाठीलाही आम्लरहितच पुठ्ठा, प्लायवूड नको. नकाशा पुठ्ठ्याला चिकटवायचा नाही, जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने वरून अडकवायचा. उन्हात तर नाहीच. किरमिजी आणि पिवळे रंग उजेडाने उडतात आणि परत येत नाहीत. कसर आणि वाळवीसाठी दर महिन्याला फ्रेम उतरवून मागून बघा. कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची आपली जुनी रीत चांगली आहे, फक्त ती कागदाला लागू देऊ नका. सेलोटेप, लॅमिनेशन, फेव्हिकॉल, घरगुती ब्लीच, यांपैकी काहीही कधीही नाही. फाटलं तर हात लावू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी जाणकार माणसाला दाखवा.

शेवटचं काम पहिल्याच दिवशी करायचं. प्रत्येक नकाशासाठी एक वेगळा आम्लरहित कागद घ्या आणि पेन्सिलीने लिहा: कोणी काढला, कोणी कोरला, कोणत्या ग्रंथातला, कोणत्या तारखेला कोणाकडून घेतला, कितीला. पावती सोबत ठेवा. नकाशाच्या पाठीवर काही लिहू नका. आणि रंगांबद्दल जे खरं आहे ते लिहा, कारण तुमच्यानंतर तो नकाशा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाणार आहे. माझ्या त्या पोपटी हिरव्या ब्लाऊच्या कागदावर पहिल्याच ओळीत 'रंग नंतरचे' असं लिहिलेलं आहे.